खिळ्यावरचा टाळ

दामोदरच्या मृत्यूची बातमी मला दोनदा मिळाली, आणि दोन्ही वेळा मेलेला माणूस वेगळा होता. पहिली बातमी त्याचा पुतण्या सुनील याने सकाळी मोबाइलवर दिली. "आप्पा, काका गेले. झोपेतच गेले. तुमी या," एवढेच तो बोलला. मी शहापूरहून मुरबाड आणि मुरबाडहून टोकावडे गाठले, तिथून आत त्याच्या गावात पोहोचलो, तेव्हा माझा साठ-पासष्ट वर्षांपासूनचा मित्र ओसरीवर चटईवर निजलेला होता आणि कपाळ कोरे होते. दुसरी बातमी दहाव्याला जाताना टोकावड्याच्या नाक्यावर मिळाली. तिथे दोन पुरुष उंचीचा फ्लेक्स लागला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली' या शब्दांखाली दामोदरचा अमेरिकेतल्या दिवसांतला कोट-टायमधला फोटो, त्याखाली 'धर्मरक्षणासाठी परदेशातील मानाचे पद सोडून मायभूमीत परतलेले थोर विचारवंत' अशी ओळ आणि त्याखाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांची रांग. फोटोतल्या कपाळावर मात्र ठसठशीत गंध होते. मूळ फोटो माझ्या कपाटात आहे. त्यात ते नाही. मेलेल्या माणसाला गंध लावायला आता बोट लागत नाही, संगणक पुरतो.

एवढ्यावर भागले असते तर मी ही लेखणी उचललीही नसती. पण नंतर कल्याणला एक शोकसभा झाली आणि तिच्यातले मुख्य भाषण पुढे एका पुरवणीत छापून आले. भाषण करणारे विद्वान काही काळ अमेरिकेत दामोदरच्या हाताखाली शिकले होते. त्यांच्या मते दामोदर हा 'आयुष्यभर धर्मसंस्थेशी झुंजलेला निरीश्वरवादी' होता, आणि अखेरच्या काळात तो गावच्या देवळात जाऊन बसत असे ते 'केवळ संशोधकाचे निरीक्षण' होते. मी चार दशके शहापूरच्या न्यायालयात वकिली केली आहे. दोन साक्षीदार एकमेकांविरुद्ध बोलू लागले की त्यांतला एक तरी खरा असावा, असे नवख्या वकिलाला वाटते. दोघेही खोटे असू शकतात, हे कळायला काही वर्षे जावी लागतात. येथे तसे झाले आहे. निरीश्वरवादी मी आहे. दामोदर नव्हता. त्याच्याशी या एका विषयावर मी शाळेपासून भांडत आलो, आणि त्या भांडणात माझी बाजू बळकट करण्यासाठी त्याच्या मृत्यूचा उपयोग कोणी मला सुचवू नये.

आम्ही दोघे मुरबाडच्या शाळेत एका बाकावर होतो. त्याचे वडील शेती करत आणि गावच्या मारुतीच्या देवळात शनिवारच्या भजनात पुढे उभे राहत. त्यांचा काशाचा टाळ जड होता. त्याचा आवाज बाकीच्या टाळांच्या वर जात नसे, खालून सगळ्यांना धरून राहत असे. दामोदर अमेरिकेला निघाला त्या दिवशी टोकावड्याच्या स्टँडवर वडिलांनी तो टाळ फडक्यात बांधून त्याच्या पिशवीत घातला. "तिकडं कोनी साथ देनार नाय तुला, पन हात मोडू देऊ नको," असे ते म्हणाले. विमानतळावर तपासणीच्या माणसाने ते काशाचे तुकडे उलटसुलट करून विचारले की हे काय आहे, तेव्हा या पठ्ठ्याने तिथेच दोन ठेके वाजवून दाखवले. ती गोष्ट तो म्हातारपणीही तशीच हसत सांगे. पुढची सगळी वर्षे तो टाळ विद्यापीठातल्या त्याच्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर होता. शनिवारी संध्याकाळी इमारत रिकामी झाली की तो एकटाच दार लावून वाजवायचा. मला पत्रात त्याने एकदा लिहिले होते की एकट्याने टाळ वाजवणे म्हणजे एकट्याने भांडण्यासारखे आहे... समोरून काही येतच नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या एका लहान गावाजवळ तो राज्यशास्त्र शिकवत असे. तिथल्या परंपरावादी राजकारणात चर्चचा हात कसा शिरला, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. या विषयावर बोलणाऱ्यांचे आपल्याकडे दोन सोपे पक्ष आहेत. एक म्हणतो, धूर्त पुढाऱ्यांनी भोळ्या भाविकांना फसवले. दुसरा म्हणतो, बघा, तिकडचे लोकसुद्धा धर्मासाठी एक होतात, आपण का नाही. दामोदरला दोन्ही मान्य नव्हते. अभ्यासासाठी म्हणून तो तिथल्या एका चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागला आणि अभ्यास आटोपल्यावरही बसत राहिला. त्याची बायको तिकडेच वारली, तेव्हा त्याच बाकांवरच्या बायकांनी कितीतरी दिवस त्याच्या दाराशी झाकलेली भांडी आणून ठेवली. "ही माणसं खुळी नायत रे आप्पा," तो मला सांगे. "ती भ्यालेली असतात. पोरं आपल्यासारखी व्हणार नायत, शाळेत प्रार्थना नाय, घरं मोडतायत... हे त्यांचं भय खरं असतं. ऐकून घेणारं कोणी नसतं. मग एक जण येतो आणि ऐकून घेतो. तो मतं मागायला आलाय हे त्यांना ठाऊक असतं, पण ऐकून तरी घेतो ना."

एकदा तो सुट्टीवर आला असताना आम्ही तानसा धरणाच्या काठावर बसलो होतो. त्याने त्या दिवशी जे सांगितले ते त्याच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा मला मोलाचे वाटते. तो म्हणाला की त्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या तरुणपणी त्यांचे पाद्रीच सांगत असत, राजकारण हा चिखल आहे, त्यात पाय घालू नका. मग काही प्रश्न असे निघाले, गर्भपाताचा, शाळेतल्या प्रार्थनेचा, की गप्प बसणे त्यांना पाप वाटू लागले. रेडिओवरून प्रवचने आली. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी बाकांवर पत्रके येऊ लागली, कोणता उमेदवार कोणत्या प्रश्नावर कोठे उभा आहे हे सांगणारी. पत्रकात मत कोणाला द्या हे लिहिलेले नसे. लिहायची गरज नसे. "आधी माणसं श्रद्धेवरून पक्ष ठरवायची," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "मग कधी उलटं झालं त्यांनाबी कळलं नाय. आता ती पक्षावरून चर्च ठरवतात. पाद्री आपल्या पक्षाचा वाटला नाय तर पुढच्या गल्लीतल्या चर्चमध्ये जातात. आणि पोरं... पोरं कुठंच जात नायत. त्यांना वाटतं हे पक्षाचंच कार्यालय आहे."

मी नेहमीप्रमाणे वाद घातला. म्हटले, मग बरेच आहे की, चर्चे ओस पडली तर कोणाचे काय बिघडले? त्यावर तो माझ्यावर खरोखर चिडला. त्याच्या चर्चच्या पाद्रीची हकीकत त्याने तेव्हाच सांगितली. हा पाद्री मतांनी चांगला कर्मठ. दामोदरशी त्याचे एकाही प्रश्नावर जुळत नसे. पण एका निवडणुकीला त्याने पत्रके बाकांवर ठेवू दिली नाहीत. या बाकांवर प्रार्थनेचीच पुस्तके राहतील, एवढेच तो म्हणाला. कोणी भांडले नाही. पुढच्या रविवारी सगळे आले, जागेवर बसले, आणि त्याने प्रार्थना म्हटल्यावर शेवटचे 'आमेन' कोणीच म्हटले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. बाहेर पडताना सगळ्यांनी त्याच्याशी हात मिळवले. वर्ष सरायच्या आत तो चर्च सोडून एका हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसला होता. "त्याचं चर्च जायला नको होतं आप्पा," दामोदर म्हणाला. "तुझ्यासारख्याला त्यातलं काय कळणार? तू कधी कोणाच्या साथीत उभाच राह्यला नायस."

हे बोलणे मला लागले होते. आजही लागते.

निवृत्तीनंतर तो गावी परतला. फ्लेक्सवाल्यांनी ऐकावे, तो धर्मरक्षणासाठी परतला नव्हता. विद्वानांनीही ऐकावे, तो निरीक्षणासाठी परतला नव्हता. तो शनिवारसाठी परतला होता. तसे त्याने मला स्पष्ट शब्दांत सांगितले: "मला साथीत मरायचंय." वडिलांच्या जागेवर तो उभा राहू लागला. शनिवारी दुपारनंतर तो अंघोळ करी, गंध लावी आणि टाळ घेऊन देवळात जाई. इतर वारी त्याचे कपाळ कोरे असे. गंध हे साथीचे चिन्ह, एकट्याने मिरवायचे नव्हे, असे त्याचे म्हणणे. मृदंगावर बळीराम असे, आमच्याच शाळेतला, आमच्यापेक्षा दोन इयत्ता मागे. मी एकदोन वेळा मागे बसून ऐकले आहे. मला भजनातले काही कळत नाही. पण आयुष्यभर वर्गात बोललेला तो माणूस तिथे दुसऱ्यांच्या आवाजात स्वतःचा आवाज विरघळवून उभा असे, आणि त्याचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता.

त्या गावात, आणि आसपासच्या पुष्कळ गावांत, निवडणुकीआधी नारळ उचलण्याची रीत आहे. गावकी बसते, मत कोणाला द्यायचे ते ठरते, आणि मग मारुतीच्या पायरीवर नारळ ठेवून घरटी एकेक कर्ता पुरुष त्यावर हात ठेवून शपथ घेतो. शपथ मोडली तर घरावर काय काय ओढवते त्याच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. पूर्वी ही रीत बांधाची भांडणे मिटवायला होती. मतपेटीसाठी ती कधी वापरात आली ते कोणी सांगू शकत नाही. गेल्या निवडणुकीला गावचे पुढारी जनार्दनशेठ यांनी सभामंडपाच्या नव्या फरशीवर गावकी बसवली. फरशी उमेदवाराने दिली होती. मत धर्माला द्यायचे आहे, माणसाला नाही, असे भाषण झाले आणि नारळ पायरीवर आला. मी तिथे नव्हतो. पण पुढचा प्रसंग मला दामोदरने आणि बळीरामाने वेगवेगळ्या वेळी सांगितला, आणि दोघांच्या सांगण्यात शब्दाचा फरक नाही.

दामोदरची पाळी आली तेव्हा त्याने नारळावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "मारुतीराया, मी मत द्यायला जाईन. कोणाला देईन ते तुला सांगायचा नाय, कारण तू ते विचारलेलंच नाय. विचारलंय ते जनार्दनशेठनी." काही जण हसले. जनार्दनशेठही हसले आणि म्हणाले, "सर अमेरिकेत र्‍हायलेले. तिकडचं खूळ इकडं आणतायत." त्यावर हा म्हणाला, "नाय रे जना. इकडचंच तिकडं बघून आलोय." मग मात्र कोणी हसले नाही. त्याच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या चार-सहा जणांनी नारळाला हात लावला, पण तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून बाजूला झाले.

उमेदवार पडला. तो कशाने पडला हे मी सांगू शकत नाही. एका गावच्या मतांनी नक्कीच नव्हे. पण गावात बोलले गेले की सरांनी देवासमोर शपथ मोडली आणि सगळ्यांचीच शपथ सुटली. पुढच्या शनिवारी दामोदर गंध लावून देवळात गेला. भजन चालू होते. त्याने टाळ उचलून पहिला ठोका दिला आणि मृदंग थांबला. बाकीचे टाळ थांबले. सगळे आपापल्या जागी उभे, कोणी त्याच्याकडे पाहिले नाही, कोणी काही बोलले नाही. त्याने टाळ खाली घेतला की मृदंग पुन्हा सुरू. पुन्हा उचलला की पुन्हा बंद. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. त्यानंतर त्याने पायरीच्या वर भिंतीत लामणदिव्यासाठी ठोकलेला खिळा होता त्यावर टाळ अडकवला, गंध पुसले आणि बाहेर येऊन समोरच्या ओट्यावर बसला. पुढचे सगळे शनिवार तो तिथेच बसला, कोऱ्या कपाळाने, मरेपर्यंत.

मला हे कळले तेव्हा मी वकीलपत्राचे कागद घेऊनच त्याच्याकडे गेलो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे, तो धारदार आहे आणि हा खटला मी जिंकला असता. त्याने कागद हातातही घेतले नाहीत. "तू मला कोर्टातून टाळ परत मिळवून देशील रे आप्पा. साथ कुठून आणशील? पोलीस बसवून माझ्यामागं ताल धरायला लावशील?" मी म्हटले, निदान जनार्दनशेठला धडा मिळेल. तो म्हणाला, "त्या पाद्रीच्या प्रार्थनेला मी शेवटच्या बाकावर होतो ना, तेव्हा मीबी आमेन म्हटलं नव्हतं. माझा देव तो नाय म्हणून. आता वाटतं म्हणायला हवं होतं." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती आणि मला तेच सहन झाले नाही. कायद्याबाबत माझे मत आजही बदललेले नाही. भल्या माणसांनी खटले न लढल्यामुळे कोणाचे धाडस वाढते, हे मी पुरेसे पाहिले आहे.

त्याच्या अंत्ययात्रेपुढे भजनी मंडळ आले. तेच सगळे, तोच मृदंग, तेच टाळ. जिवंतपणी त्याने टाळ उचलताच गप्प झालेले हात आता त्याच्यासाठी वाजत होते, आणि वाजवणारे रडतही होते. ते रडणे खोटे होते असे मी म्हणणार नाही. म्हणता आले असते तर बरे झाले असते. तेराव्याला मी बळीरामाला बाजूला घेऊन विचारले, "हात कसा थांबला रे तुझा?" त्याने मृदंगाची वादी ओढली. "माझा पोरगा शेठच्या गाडीवर डायवर हाय, आप्पा. तुमचं शहापूरला बरंय." मग म्हणाला, "तो भायेर ओट्यावर बसून मांडीवर हात मारायचा ना, आमची लय सुटली की आमी त्याच्या हाताकडं बघायचो. त्याला म्हाईत होतं आमी बघतो ते. तरी त्यानं हात थांबवला नाय."

"मग आत का नाही बोलावलेस?"

तो पुन्हा वादी आवळू लागला. हाताची ही गोष्ट सांगून त्याला माझे, किंवा स्वतःचे, समाधान करायचे असावे. माझे झाले नाही. ओट्यावरून आतल्यांची लय सावरणे हे दामोदरच्या मोठेपणाचे लक्षण असेल, पण तो मोठेपणासाठी समुद्र ओलांडून आला नव्हता.

तेराव्याच्याच दिवशी जनार्दनशेठ मला भेटले, अदबीने वाकून. सभामंडपात सरांचा फोटो लावायचा आहे आणि त्याखाली काचेच्या पेटीत त्यांचा टाळ ठेवायचा आहे, असे ते म्हणाले. "तुमी जुने मित्र, आप्पासाहेब. सुनीलला समजवा." कल्याणच्या विद्वानांनीही सुनीलला निरोप धाडला होता, त्यांनाही तो टाळ हवा आहे, संशोधकाच्या वस्तू म्हणून कुठल्याशा संग्रहात ठेवायला. टाळ कायद्याने सुनीलचा आहे. त्याने मला विचारले, "आप्पा, घरी आनू का?" मी त्याला सांगितले, घरी आणू नकोस आणि काचेतही जाऊ देऊ नकोस. आहे तिथे राहू दे.

गेल्या शनिवारी मी मुद्दाम जाऊन पाहून आलो. देवळात भजन चालू होते. समोरचा ओटा रिकामा होता. त्यावर कोणी बसत नाही, चप्पलही ठेवत नाही. आत टाळ खिळ्यावर होता. दमट हवेने काशावर हिरवट डाग धरले आहेत, दोरीला त्याने मारलेली गाठ तशीच आहे. त्याच्या बरोबर खाली ती पायरी, आणि पुढच्या निवडणुकीचा नारळ तिथेच येणार आहे. फ्लेक्सवर जोडलेल्या हातांची रांग उगाच लागलेली नाही. फरशी पुसणारे खिळ्यापाशी आले की डोके वाकवून जातात. भजन संपल्यावर प्रत्येकाने आपापला टाळ पिशवीत घातला आणि वर न बघता बाहेर आला. जनार्दनशेठना आणि कल्याणच्या विद्वानांना, दोघांनाही माझे एकच सांगणे आहे. दामोदर तुमचा होता असे म्हणायचे असेल तर फोटो लावू नका, लेख छापू नका. शनिवारी या, तो टाळ खिळ्यावरून उतरवा आणि सगळ्यांसमोर एक ठोका द्या. मग मृदंग चालू राहतो की थांबतो, ते उभे राहून ऐका. मी मागे बसलेला असेन. आजवर तो टाळ उतरवायला कोणी आलेले नाही.